कट-ऑफच्या यादीत न दिसणारं कॉलेज

इंजिनिअरिंगला कुठलं विद्यापीठ चांगलं, हा प्रश्न आपल्याकडं जून-जुलैत घरोघरी विचारला जातो. शिवाजी की लोणेरे? पुण्याचं सावित्रीबाई फुले, की पुण्याच्या आसपास उभी राहिलेली खासगी विद्यापीठं? विचारणारा बहुतेक वेळा कॉम्प्युटरबद्दलच विचारत असतो, हे वेगळं सांगायला नको. माझं म्हणणं असं की सातारा-सांगलीच्या मुलामुलींच्या हा प्रश्न फारसा कामाचा नाही. ज्याचं उत्तर खरोखर हवं असतं तो प्रश्न वेगळा आहे : त्या कॉलेजात, त्या शाखेत शिकवतं कोण आणि शिकून मुलांचं पुढं होतं काय? त्याचं उत्तर सरकारी दप्तरात पडून असताना आपल्याला दिलं जात नाही.

विद्यापीठाच्या नावावरून काय कळतं ते आधी पाहू. सांगलीत विश्रामबागच्या वालचंद कॉलेजातून पदवी घ्या, नाहीतर कऱ्हाडच्या शासकीय अभियांत्रिकी महाविद्यालयातून घ्या, पदवीच्या कागदावर शिवाजी विद्यापीठ, कोल्हापूर हेच नाव येतं. जिथं डेटा स्ट्रक्चर्स शिकवायला दिवाळीपर्यंत माणूस मिळत नाही अशा एखाद्या संलग्न कॉलेजातून घेतली तरी नाव तेच. वालचंद आणि कऱ्हाड स्वायत्त आहेत. अभ्यासक्रम ते ठरवतात, पेपर ते काढतात आणि तपासतात, विद्यापीठ शेवटी पदवी देतं. संलग्न कॉलेजात अभ्यासक्रम आणि परीक्षा विद्यापीठाची, पण शिकवणं कॉलेजाचंच. गेल्या काही वर्षांत आपल्या भागातल्या काही कॉलेजांनी लोणेऱ्याच्या डॉ. बाबासाहेब आंबेडकर तंत्रशास्त्र विद्यापीठाची संलग्नता घेतली. फाटकावरची पाटी बदलली, अभ्यासक्रम बदलला, फळ्यापाशी उभा राहणारा माणूस तोच राहिला. एकाच विद्यापीठाच्या दोन कॉलेजांत जमीन-अस्मानाचा फरक असतो आणि विद्यापीठाचं नाव त्यातला काडीचाही सांगत नाही.

मग लोक ठरवतात कशावर? कट-ऑफवर. राज्याच्या प्रवेश परीक्षा कक्षाच्या, म्हणजे सीईटी सेलच्या, कॅप राउंडचा (केंद्रीभूत प्रवेशफेरीचा) ऑप्शन फॉर्म भरायचा म्हणजे मागल्या वर्षीच्या कट-ऑफची पीडीएफ उघडायची, आपल्या पर्सेंटाइलच्या जरा वरची आणि जरा खालची कॉलेजं उतरत्या क्रमानं लिहायची. तीनशेपर्यंत पर्याय देता येतात, पण विचार एकाच आकड्याचा. स्टँडजवळचा नेट कॅफेवाला हे थोडक्या पैशांत करून देतो, आणि पुण्याचा काउन्सेलर त्याचेच कितीतरी पट घेऊन वर एक रंगीत फाइल देतो.

कट-ऑफ म्हणजे त्या कॉलेजात, त्या शाखेत, त्या प्रवर्गात शेवटची जागा मिळालेल्या मुलाचा पर्सेंटाइल. तो मुलगा गेल्या वर्षी तिथं का गेला? त्याच्या आदल्या वर्षीचा कट-ऑफ बघून. त्या आदल्या वर्षीचाही तसाच गेलेला. या सगळ्या साखळीत वर्गात कोणीही डोकावलेलं नाही. शिवाय कट-ऑफमध्ये पुण्यापासूनचं अंतर मिसळलेलं असतं, जवळच्या एसटी थांब्याची सोय मिसळलेली असते, त्या वर्षी कुठल्या शाखेची हवा होती तेही मिसळलेलं असतं. शिकवणं बरं असूनही आडगावात असल्यामुळं ज्याचा कट-ऑफ चढत नाही, असं कॉलेज या यादीत खालीच दिसणार. सांगलीच्या बाजारात हळदीचा सौदा होतो तेव्हा व्यापारी हळकुंड हातात घेऊन मोडून बघतात, रंग बघतात, मग बोली लागते. ज्या शेतकऱ्याची हळद अशी पारखून जाते, त्याच्याच पोराच्या चार वर्षांचा सौदा मात्र बंद पोत्यावर होतो.

याची मुळं आपल्याच मातीत आहेत. १९४७ साली सांगलीत इंजिनिअरिंग कॉलेज निघालं, त्यालाच पुढं वालचंद हे नाव मिळालं. १९६० साली कऱ्हाडचं शासकीय कॉलेज आलं. त्यानंतर वीसेक वर्षं जागा मोजक्याच होत्या, आणि ज्यांची ऐपत होती ते कर्नाटकात कॅपिटेशन फी भरून जात. १९८३ साली मुख्यमंत्री वसंतदादा पाटलांनी विनाअनुदानित इंजिनिअरिंग कॉलेजांना परवानगी दिली. दादा आपले, पद्माळ्याचे, स्वतः फारसे शिकलेले नव्हते. त्याच वर्षी बुधगावचं कॉलेज निघालं, राजारामनगरचं आरआयटी निघालं, साताऱ्यात रयतचं कर्मवीर भाऊराव पाटील अभियांत्रिकी महाविद्यालय निघालं. शिक्षणाच्या बाजारीकरणाचा विषय निघाला की या निर्णयाच्या नावानं बोटं मोडायची पद्धत आहे. मी मोडणार नाही. उसाच्या पट्ट्यातल्या कितीतरी घरांत पहिला इंजिनिअर त्या निर्णयामुळंच झाला.

चूक झाली ती पुढच्या पायरीवर. कॉलेज काढायची मोकळीक देताना, आत काय चालतं ते लोकांपुढं मांडायची सक्ती कोणी केली नाही. नियम झाले ते प्रवेशाचे आणि फीचे. खासगी कॉलेजांबद्दलचा सर्वोच्च न्यायालयाचा २००२ चा टी. एम. ए. पै निकाल आला, त्यापाठोपाठ फी ठरवणाऱ्या समित्या आल्या, मग राज्याचा २०१५ चा कायदा झाला. त्याच कायद्यातून आजची प्रवेशाची यंत्रणा आणि शुल्क नियामक प्राधिकरण उभं राहिलं. जागा कोणाला आणि किती पैशांत याचा हिशेब बऱ्यापैकी चोख झाला. त्या पैशांत मिळतं काय, हा रकाना कोराच राहिला.

आणि तो आता फार महागात पडू लागला आहे. २०२४-२५ पासून एआयसीटीईनं, म्हणजे तंत्रशिक्षणाच्या अखिल भारतीय परिषदेनं, एका शाखेत किती जागा असाव्यात यावरची वरची मर्यादा काढून टाकली. मागणी कॉम्प्युटरची, म्हणून सिव्हिल-मेकॅनिकलचे वर्ग आटले आणि कॉम्प्युटरचे फुगले. शिवाय एकाच शाखेची पाच नावं झाली : कॉम्प्युटर इंजिनिअरिंग, कॉम्प्युटर सायन्स अँड इंजिनिअरिंग, आयटी, एआय अँड डेटा सायन्स, आणि कंसात काहीतरी चमकदार जोडलेलं सीएसई. पालक ‘एआय’ची चौकशी वेगळी आणि ‘आयटी’ची वेगळी करतात. अनेक ठिकाणी शिकवणारे तेच असतात, लॅब तीच असते, पहिल्या दोन वर्षांचे विषयही बहुतेक तेच. बघायचंच असेल तर डिस्क्रीट मॅथ्स, ऑपरेटिंग सिस्टिम, नेटवर्क, डेटाबेस, अल्गोरिदम या पाच विषयांना त्या नव्या नावाच्या शाखेत किती तास उरलेत ते बघावं. तास कमी झाले असतील तर चमकदार नावाची किंमत त्यातूनच वसूल झाली आहे.

शिक्षकांचं गणित साधं आहे. एआयसीटीईच्या नियमानं वीस विद्यार्थ्यांमागे एक शिक्षक. २०१८ पर्यंत हे प्रमाण पंधराला एक होतं, तेही सैल केलं. एका शाखेत वर्षाला २४० मुलं घेतली तर चार वर्षांची ९६०, म्हणजे ४८ शिक्षक हवेत. एम.टेक. झालेला, थोडाफार अनुभव असलेला कॉम्प्युटरचा माणूस हिंजवडीत गेला तर त्याला जे मिळतं ते सोडून तो आपल्या तालुक्यात, तेही पगार वेळेवर होईल याची खात्री नसताना, का यावा? मग मागल्या वर्षी पास झालेला बी.टेक. यंदा प्रॅक्टिकल घेतो, तासिका तत्त्वावरचे सर दोन कॉलेजांत पळतात, आणि ई अँड टीसीच्या (इलेक्ट्रॉनिक्स-टेलिकॉमच्या) मॅडम पंधरवड्याचं प्रशिक्षण करून मशीन लर्निंग शिकवतात. त्यांचा यात दोष नाही. अशाही परिस्थितीत जीव तोडून शिकवणारे शिक्षक आपल्या दोन्ही जिल्ह्यांत आहेत, आणि नेमके कुठं आहेत हे फॉर्म भरणाऱ्याला कळायचा मार्ग नाही.

प्लेसमेंटचं म्हणाल तर सांगली-मिरज रस्त्यावरचे फलक वाचून वाटावं की इथली मुलं थेट परदेशी कंपन्यांत उड्या मारतात. ‘हायेस्ट पॅकेज ४४ लाख’ हा आकडा खराही असतो कधीकधी. पण दहा मुलांपैकी नऊ जणांना साडेतीन लाख आणि एकाला ४४ लाख मिळाले, तर सरासरी साडेसात लाखांच्या वर जाते आणि मधल्या मुलाच्या हातात साडेतीनच असतात. म्हणून विचारायचा तो मध्यक, म्हणजे पगारांची रांग लावली तर बरोबर मधल्याला किती. मोठ्या आयटी कंपन्यांत नव्या पोराला वर्षाचे साडेतीन लाखांच्या आसपास, हा आकडा गेली दहा-बारा वर्षं फारसा हललेला नाही, महागाई मात्र हलली आहे. २०२५ च्या जुलैत टीसीएसनं सुमारे बारा हजार माणसं कमी करण्याचं जाहीर केलं, तेव्हा आयटीतली नोकरी म्हणजे पेन्शनीची नोकरी हा समज निदान मोडायला हवा होता. ‘शंभर टक्के प्लेसमेंट’चीही एक गंमत आहे. शंभर टक्के कोणाचे? ‘एलिजिबल’ मुलांचे. ज्यांची एकही केटी नाही, म्हणजे एकही विषय मागे राहिलेला नाही, आणि ज्यांनी प्लेसमेंट सेलकडं नाव नोंदवलं, तेवढीच या गणितात धरतात. वायडी होऊन वर्ष वाया गेलेला, नाव न नोंदवलेला, घरी परतून दुकानात बसलेला पोरगा या शंभरात नसतोच. वर एकाच मुलीच्या तीन ऑफर तीन ठिकाणी मोजल्या जातात.

कॉलेजांची तपासणी करून दर्जा ठरवणाऱ्या नॅक आणि एनबीए या संस्थांचं तोरण तर सगळीकडं लागलेलं असतं. नॅकची श्रेणी सबंध कॉलेजाला मिळते, एनबीएची मान्यता एकेका अभ्यासक्रमाला. त्यामुळं निदान एनबीए तुम्ही घेत असलेल्या शाखेला आहे की दुसऱ्याच, एवढं विचारावं. २०२५ च्या फेब्रुवारीत सीबीआयनं नॅकच्या तपासणी समितीतल्या सदस्यांनाच लाच प्रकरणात अटक केली. त्यावर अधिक बोलायची गरज नाही.

त्यातल्या त्यात उपयोगाची एक जागा आहे आणि ती फार थोड्यांना ठाऊक आहे. एनआयआरएफ या केंद्राच्या मानांकनात जी कॉलेजं उतरतात, त्यांना सरकारला दिलेली माहिती स्वतःच्या संकेतस्थळावर ठेवावी लागते. मानांकनाचा क्रमांक सोडून द्या, ती पीडीएफ उघडा. किती मुलं ठरल्या वर्षांत पास झाली, किती नोकरीला लागली, किती पुढं शिकायला गेली आणि पगाराचा मध्यक किती, हे त्यात वर्षवार असतं. शिक्षकांची यादी असते, शिक्षण, अनुभव आणि रुजू झाल्याच्या तारखेसकट. निम्मी यादी गेल्याच वर्षी रुजू झालेली दिसली तर समजायचं ते समजावं. अडचण एवढीच की आकडे सबंध कॉलेजाचे असतात, शाखेचे नसतात. आणि यात न उतरणाऱ्या कॉलेजाबद्दल पुन्हा अंधारच.

आता पुणे. ‘इथं राहून काय होणार, पुण्याला घाल’ हा सल्ला देणाऱ्याचे पैसे जात नसतात. खासगी विद्यापीठात कॉम्प्युटरची फी वर्षाला तीन-चार लाख, कॉट बेसिसची खोली आणि मेस मिळून महिन्याला दहा-बारा हजारांच्या खाली भागत नाही. चार वर्षांत सोळा ते वीस लाख सहज जातात. यात लोक एक मोठी गोष्ट धरतच नाहीत. राजर्षी शाहू महाराज शिष्यवृत्ती योजनेतली फी सवलत कॅपमधून प्रवेश घेतलेल्यांना मिळते, अभिमत आणि खासगी स्वयंअर्थसहाय्यित विद्यापीठं त्यातून वगळलेली आहेत. उत्पन्न आठ लाखांच्या आत असलेल्या घरातला मुलगा कॅपमधून कॉलेजात गेला तर शिक्षण शुल्काचं निम्मं ओझं उतरतं, खासगी विद्यापीठात गेला तर सगळं घरावर. पंधरा लाखांचं कर्ज दहा टक्के व्याजानं दहा वर्षांत फेडायचं तर महिन्याचा हप्ता वीस हजारांच्या घरात जातो. साडेतीन लाखांच्या नोकरीत हातात पंचवीस हजारांच्या आसपास येतात. उरलेल्या पाच हजारांत पुण्यात कसं राहायचं हे सल्ला देणाऱ्या पाहुण्यांना विचारावं. कर्ज साडेसात लाखांवर गेलं की बँक साधारणपणे तारण मागते, आणि आपल्याकडं तारण म्हणजे सातबारा.

पुण्याच्या बाजूनं जे खरं आहे तेही मांडायला हवं. संगत ही मोठी गोष्ट आहे. ज्या वर्गात चाळीस मुलं रात्री जागून कोड लिहितात, तिथं एकेचाळिसावाही शिकतो. कट-ऑफ ही नुसती गर्दीची समजूत असली तरी त्या समजुतीनं हुशार मुलं एका जागी जमतात, आणि समजूत आपोआप थोडी खरी होते. कंपन्याही ठरावीक कॉलेजांच्याच दारात जातात, इतरांच्या मुलांना बाहेरून अर्ज करत बसावं लागतं. पुण्यात दुसऱ्या वर्षाचा मुलगा सुट्टीत एखाद्या छोट्या कंपनीत इंटर्नशिप शोधू शकतो. कुपवाड किंवा साताऱ्याच्या एमआयडीसीत मेकॅनिकलवाल्याला तशी जागा मिळेल, कॉम्प्युटरवाल्याला अवघड. म्हणून कॅपमधून सीओईपी हे पुण्याचं जुनं सरकारी अभियांत्रिकी कॉलेज किंवा तिथलं एखादं खरोखर नावाजलेलं कॉलेज मिळत असेल तर जावं, कर्ज काढून जावं. त्यातल्या बऱ्याच कॉलेजांनी स्वायत्तता घेतल्यामुळं तिथं होम युनिव्हर्सिटीचा, म्हणजे त्या विद्यापीठाच्या हद्दीतल्या आणि बाहेरच्या मुलांतला, भेदही उरलेला नाही, आटपाडीच्या पोराला आणि कोथरूडच्या पोराला एकच यादी. माझा विरोध आहे तो पुण्यातल्या कुठल्याही पाटीला इथल्या कुठल्याही कॉलेजापेक्षा वरचं मानण्याला. वालचंद, कऱ्हाड किंवा आरआयटी हातात असताना केवळ ‘पुणे’ आणि ‘एआय’ या दोन शब्दांसाठी वीस लाख घालणारी घरं आपल्याला सगळ्यांनाच ठाऊक आहेत.

याला जोडूनच शाखा की कॉलेज हा वाद येतो. चांगल्या कॉलेजात मेकॅनिकल किंवा इलेक्ट्रिकल मिळतंय आणि सुमार कॉलेजात कॉम्प्युटर, काय घ्यावं? ‘कुठंही मिळू दे, पण कॉम्प्युटरच’ असं सांगणारे मामा-काका प्रत्येक घरात असतात. माझं मत चांगल्या कॉलेजाच्या बाजूनं आहे, एका अटीवर : मुलाला त्या शाखेचा तिटकारा नसावा. कारणं व्यवहाराची आहेत. आता बी.टेक.बरोबर अठरा-वीस जादा क्रेडिट घेऊन दुसऱ्या शाखेची मायनर पदवी घेता येते, त्यात कॉम्प्युटर घेता येतं. पहिल्या वर्षाच्या गुणांवर शाखा बदलायची संधीही काही ठिकाणी असते, पण ती थोड्यांनाच मिळते, त्या भरवशावर जाऊ नये. प्रोग्रॅमिंग शिकायला आज इंटरनेटवर हवं तेवढं फुकट मिळतं, चांगले सर आणि चांगले सोबती मात्र डाउनलोड होत नाहीत. एम.टेक.च्या प्रवेशासाठीच्या गेट परीक्षेत तुमचं कॉलेज कुठलं याला एकही गुण नाही. आणि ज्या भागात १९१० साली माळरानावर किर्लोस्करवाडी उभी राहिली, तिथं मेकॅनिकलला तुच्छ लेखणं मला जरा हास्यास्पदच वाटतं.

कॉम्प्युटर शिकायचं म्हणजे बी.टेक.च, हेही खरं नाही. सांगलीत विलिंग्डन आहे, १९१९ पासूनचं. साताऱ्यात रयतच्या तीन जुन्या कॉलेजांचं मिळून २०२१ साली कर्मवीर भाऊराव पाटील विद्यापीठ झालं. पदवी विज्ञानाची घ्यावी, पुढं दोन वर्षांचं एमसीए किंवा सी-डॅकचा सहा महिन्यांचा डिप्लोमा करावा, या वाटेनं गेलेली मुलं त्याच कंपन्यांत त्याच कामावर दिसतात. किंवा दहावीनंतर मिरज नाहीतर कऱ्हाडचं शासकीय तंत्रनिकेतन, आणि तिथून डिग्रीच्या थेट दुसऱ्या वर्षात. डिप्लोमाची मुलं गणितात सुरुवातीला अडखळतात, पण हात चालवायला घाबरत नाहीत.

मुलींचं वेगळं सांगायला हवं, कारण त्यांच्यासाठी ‘कुठलं कॉलेज’ हे पुष्कळदा एसटीच्या वेळापत्रकावर ठरतं. भाऊ पुण्याला जातो, बहीण संध्याकाळी सहाच्या आत घरी येईल अशा कॉलेजात जाते. भावाला पर्सेंटाइल कमी असले तरी हेच होतं, आणि याला ‘सोयीचं’ असं सभ्य नाव आहे. २०२४ च्या जुलैतल्या शासन निर्णयानं आर्थिक दुर्बल, मराठा म्हणजे एसईबीसी आणि ओबीसी घरांतल्या, आठ लाखांच्या आत उत्पन्न असलेल्या मुलींचं शिक्षण शुल्क आणि परीक्षा शुल्क पूर्ण माफ केलं. पैसा ही सबब यातून बरीचशी सुटली. माण-खटावच्या मुलीला कऱ्हाड मिळत असेल, जतच्या मुलीला वालचंद मिळत असेल, तर आता खर्च उरतो तो मुख्यतः राहण्या-जेवण्याचा. तो करायची तयारी नसेल तर घरानं तसं स्पष्ट म्हणावं, फीचं कारण पुढं करू नये.

तर मागणी काय करायची? ऑप्शन फॉर्मवर प्रत्येक कॉलेज-कोडसमोर चार आकडे हवेत, आणि ते शाखेचे हवेत : त्या शाखेत कायम नेमलेले शिक्षक किती, चार वर्षांपूर्वी आत आलेल्यांपैकी वेळेत पास झालेले किती, पगाराचा मध्यक किती, आणि ही मुलं आत आली तेव्हा त्यांचा मधला पर्सेंटाइल किती होता. यासाठी नवं सर्वेक्षण नको, समिती नको. शिक्षकांची माहिती कॉलेजं मान्यतेसाठी दरवर्षी एआयसीटीईला देतात. निकाल विद्यापीठाकडं आणि स्वायत्त कॉलेजाकडं असतात. शिक्षकांच्या पगारावर खरोखर किती खर्च झाला हे फी ठरवून घेताना शुल्क नियामक प्राधिकरणाला दाखवावं लागतं. तीन कपाटांतले तीन कागद एका ओळीत आणायचे, एवढंच काम. एआयसीटीईला दाखवलेले शिक्षक आणि फीच्या प्रस्तावातले पगार शेजारी-शेजारी छापले तर बनवाबनवी करणाऱ्याचं काम किती कठीण होईल ते बघा.

यावर आक्षेप येईल की असे आकडे छापले तर दुष्काळी तालुक्यांतली कॉलेजं बुडतील. तिथली मुलं मुळातच कमी पर्सेंटाइलची, त्यांचे पगार कमीच दिसणार. म्हणूनच चौथा आकडा मागतो आहे. साठ पर्सेंटाइलची मुलं घेऊन त्यांतल्या बहुतेकांना चार वर्षांत पास करून नोकरीला लावणारं कॉलेज आणि नव्वदची मुलं घेऊन तेवढंच करणारं कॉलेज यांत जास्त शिकवलं कोणी? आजच्या यादीत पहिलं तळाला आहे, दुसरं वर. छोटी कॉलेजं आजही जागा रिकाम्या राहून बंद पडतच आहेत. वाईट वाटतं ते इतकंच की चांगलं आणि टाकाऊ एकाच वेळी बंद पडतं, कारण बाहेरून दोन्ही सारखीच दिसतात. प्रामाणिकपणे चालवणाऱ्या संस्थाचालकाचं आजच्या झाकपाकीत सर्वांत जास्त नुकसान होतं, आणि या मागणीला पहिला पाठिंबा त्यानंच द्यायला हवा.

देतील का? आपल्या दोन्ही जिल्ह्यांत कारखाना, बँक आणि कॉलेज एकाच घरात असणं नवीन नाही, आणि विधानसभेत प्रश्न विचारणारे हात पुष्कळदा त्याच घरांतले असतात. त्यामुळं मला फार घाईनं काही होईल असं वाटत नाही. पालकांनी मात्र थांबू नये. फॉर्म भरायच्या आधी, कामाच्या दिवशी, दुपारी कॉलेजात जावं. प्रवेशाच्या हंगामात मांडलेल्या टेबलापाशी बसू नये, तिथं चहा आणि माहितीपत्रकच मिळतं. विभागात जाऊन दुसऱ्या आणि तिसऱ्या वर्षाचं शिक्षकांच्या नावांसह असलेलं टाइमटेबल मागावं. विषयासमोर नाव नसेल तर कोण शिकवणार ते विचारावं. मध्यक पगार आणि वेळेत पास झालेल्यांचा आकडा लेखी मागावा. मग गेटबाहेरच्या चहाच्या गाडीवर तिसऱ्या वर्षाच्या पोरांना गाठून एवढंच विचारावं की गेल्या सेमिस्टरला प्रॅक्टिकलं खरंच किती झाली आणि सबमिशनच्या आठवड्यात फायलींत उतरवली किती. आणि पहिला पर्याय पूर्ण विचार करून लिहावा, कारण पहिल्या फेरीत तो लागला की जागा आपोआप फ्रीझ, म्हणजे पक्की, होते आणि मागं फिरता येत नाही.